मिरजेची कोरीव गीता आणि पुण्याचे तांबट

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना बहुधा श्रीरामपूरपासून आरंभ करण्यात येतो. विल्यम कॅरी ह्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, हे त्याचे कारण होय. परंतु त्याच वर्षी मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीतेची एक पोथी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून छापण्यात आली. अ. का. प्रियोळकर ह्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली. तरीही अभ्यासकांच्या लेखी ती एक नवलाची वस्तू म्हणूनच राहिली आहे.

ह्या उपक्रमाचे मूळ पुण्यात आहे. पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट ह्याच्या प्रोत्साहनाने जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात एतद्देशीय कलावंतांना पाश्चात्य चित्रणपद्धती शिकविली. त्यांपैकी गंगाराम चिंतामण तांबट ह्याचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. वेरूळची लेणी मराठवाड्याच्या वाचकास परकी नाहीत. त्यांची गंगारामाने केलेली रेखाटने मॅलेटच्या लेखाच्या निमित्ताने विद्वत्समाजापुढे आली. पुढे १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळचा जो भव्य चित्रसंग्रह निघाला, त्यावर मात्र वेल्स व टॉमस डॅनियल ह्यांचीच नावे आहेत. हाताखालच्या माणसाचे श्रेय असे वरच्या नावात विरून जाते.

नाना फडणीसांनी गीता छापविण्याचे मनात आणले व त्यासाठी एका तांबटास अक्षरे कोरण्याचे काम शिकविण्यात आले, अशी हकीकत आहे. मॅलेट १७९७ मध्ये पुण्याहून गेला, १८०० मध्ये नाना निवर्तले. तो कारागीर मिरजेस गेला आणि काम तेथे पुरे झाले. हा कारागीर म्हणजे गंगारामच, असे ठामपणे म्हणण्यास मात्र जातिनामाचे साम्य पुरेसे नाही.

तांबटास पत्रा, छिन्नी व हातोडी नवी नव्हती. दानपत्रांचे ताम्रपट ह्या देशात शतकानुशतके कोरले गेले आहेत. पण ताम्रपटावरील अक्षर डोळ्यांसाठी असते, म्हणून ते सुलटे कोरतात. पत्र्यावरून थेट कागदावर छापावयाचे तर ते उलटे कोरावे लागते. वेलांटीची दिशा बदलते, काना अक्षराच्या डावीकडे जातो, आणि सवयीने धावणाऱ्या हातास प्रत्येक वळणावर थांबावे लागते.

लिपीच्या अभ्यासकास ह्यात खरे स्वारस्य आहे ते जोडाक्षरांचे. 'ऊर्ध्व' किंवा 'बुद्ध्या' ह्यांसारखे शब्द खिळ्यांनी जुळवावयाचे तर प्रत्येक जोडाक्षराचा स्वतंत्र खिळा पाडावा लागतो, नाहीतर अक्षर तोडावे लागते. श्रीरामपूरच्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार ह्याचे कसब होते; तोही धातुकामाच्याच परंपरेतला. कोरीव पत्र्यास हे बंधन नसते. लेखणीने जे साधते, ते सर्व छिन्नीनेही साधता येते. परंतु पत्र्यावरील अक्षर त्या पृष्ठापुरतेच. दुसऱ्या ग्रंथासाठी पुन्हा पहिल्यापासून कोरणे आले. मिरजेच्या पद्धतीस वारस मिळाला नाही तो बहुधा ह्यामुळेच.

पोथीचे वळण छापील पानावर टिकविण्याचे काम पुढे शिळाछापाने केले. त्यात लेखनिकाच्या हातचे अक्षर दगडावर उतरविता येई आणि कोरण्याचा खटाटोप वाचे. गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले ते ह्याच रीतीने. आणि नंतर तेही खिळे पाडण्याकडे वळले.