डिस्क हरवते कीं तिचा पत्ता?

संगणकाची कळ दाबावी आणि परिचित चित्राऐवजीं काळ्या पडद्यावर ‘मुख्य डिस्क सांपडत नाहीं’ अशा अर्थाची ओळ उमटावी, म्हणजे घरांतील मंडळींचा धीर सुटतो. वर्षांचे हिशेब, मुलांचीं छायाचित्रें, सारें नष्ट झालें असें समजून कोणी घाईनें डिस्क पुसून नवी मांडणी करूं लागतो. खरा घात तेथेंच होतो. कारण लिनक्सच्या यंत्रांत या ओळीचा अर्थ बहुधा निराळा असतो.

वीज मिळतांच यंत्रांतील फर्मवेअर जागें होतें व ग्रब नांवाच्या लहानशा प्रोग्रॅमकडे सूत्रें देतें. ग्रब डिस्कवरून दोन वस्तू उचलून स्मृतींत ठेवतो : कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आणि त्याच्या वाटेची शिदोरी, इनिट्रॅमएफएस. डिस्कशीं बोलणारे ड्रायव्हर ह्याच शिदोरींत असतात. त्यांच्या साह्यानें कर्नल स्वतः डिस्कचा शोध घेतो, आणि न सांपडल्यास तक्रार करतो. परंतु एकच डिस्क असलेल्या यंत्रांत हा तक्रारखोर क्षणापूर्वीं तिच्यावरूनच आलेला असतो! ती अद्याप वाचतां येते, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

मग चुकतें काय? बहुधा पत्ता. एसडीए, एसडीबी हीं नांवें डिस्क सांपडण्याच्या क्रमानें पडतात; एखादी डिस्क जास्त जोडली कीं तीं बदलूं शकतात. २००७ सालीं फेडोरा ७ मध्यें जुन्या धर्तीच्या डिस्कांचें एचडीए हें नांवच एसडीए झालें. म्हणून आतां यूयूआयडी हा ३६ चिन्हांचा ठसा वापरतात. मात्र विभाग पुसून नव्यानें आंखला कीं तोही बदलतो. कधीं शिदोरींत योग्य ड्रायव्हर नसतो. कधीं यूएसबीची डिस्क उशिरा जागी होते.

तपासणी क्रमानेंच करावी. कर्नल दुसऱ्या डिस्कवरून येत असेल, तर फर्मवेअरच्या यादींत हरवलेली डिस्क आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास वीज बंद करून जोडतारा तपासाव्या. यादींत असल्यास अडलेल्या पडद्यावर ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा द्यावी. डिस्क दिसली, तर तिचा ठसा ग्रबमधील ठशाशीं ताडावा. न दिसली, तर ड्रायव्हरचा अथवा विलंबाचा संशय घ्यावा. ग्रबच्या यादींत ‘ई’ कळ दाबून केलेली दुरुस्ती त्या एका खेपेपुरतीच टिकते; म्हणून ती निर्धास्तपणें करून पाहावी. यंत्र चालूं झालें कीं प्रथम महत्त्वाच्या मजकुराची नक्कल घ्यावी आणि मगच पत्ता कायमचा सुधारावा.

डिस्का कधीं खरोखरच मरतात. पण पत्ता पाहिल्यावांचून घर पाडूं नये.