‘धावणे’ आणि ‘धावपळ’ : गर्भारपणातील श्रमांच्या शब्दांविषयी

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रीने धावावे काय, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकशास्त्राचा आहे; भाषाभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडे हा प्रश्न मराठीत विचारला जातो व त्याचे उत्तरही मराठीतच मिळते. आणि प्रश्नातील क्रियापद व उत्तरातील नाम यांचा अर्थ एकच असतो असे नाही. हा भेद स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एक स्वानुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. प्रस्तुत लेखिका काही वर्षांपूर्वी नांदेड येथे रोज पहाटे धावत असे. सातव्या महिन्यात “पळणं चालू ठेवू का?” असे तिने डॉक्टरांस विचारले असता “आता धावपळ बंद” असे उत्तर मिळाले. तिने त्याच दिवशी धावणे सोडले. घरचा स्वयंपाक, तासन्‌तास उभे राहून द्यावयाची व्याख्याने आणि आठवड्यातून दोनदा लातूरपर्यंतचा एस. टी.चा प्रवास मात्र पूर्ववत चालू राहिला. वस्तुतः ‘धावपळ’ या शब्दाचा रूढ अर्थ तोच. परंतु हे ध्यानी येईपर्यंत दिवस भरत आले होते.

मराठीतील ‘धावणे’ हे संस्कृत ‘धाव्’ या धातूपासून, तर ‘पळणे’ हे ‘पलायते’ या रूपापासून आले आहे. ‘पलायते’ म्हणजे दूर जाणे, निसटणे. हा अर्थ ‘पळून गेला’, ‘पळपुटा’ यांत अद्याप जिवंत आहे. उलट, ‘हाकेला धावून येणे’ यात जवळ येण्याचा भाव आहे. ग्रांथिक मराठी शर्यतीच्या संदर्भात ‘धावणे’ पसंत करते. नांदेड-लातूरकडील बोलण्यात ‘पळणे’ हे नित्याचे क्रियापद आहे. या दोहोंच्या संयोगाने झालेल्या ‘धावपळ’ या समासात मात्र धावणेही उरत नाही आणि पळणेही उरत नाही. ‘ओढाताण’, ‘उठबस’ यांच्याप्रमाणे तेथे घटक शब्दांच्या पलीकडचा अर्थ उभा राहतो : अनेक कामांनी एकाच वेळी केलेली दमछाक. लग्नघरात धावपळ करणारा गृहस्थ दिवसभरात एक पाऊलही धावला नसेल.

गर्भारपणाचे मराठी शब्द पाहिले असता आणखी एक गोष्ट दिसते. ‘पोटुशी’ हा शब्द पोटाकडे पाहतो. ‘दिवस गेले’, ‘दिवस भरले’ हे वाक्प्रयोग काळाकडे. ‘दोन जिवांची’ हा संख्येकडे. ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’पासून येतो, आणि गर्भिणीस दोन हृदये असतात म्हणून ती ‘दौहृदिनी’, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. हिंदी-उर्दूतील ‘पाँव भारी होना’ यात भार पायांत, म्हणजे चालण्यात, कल्पिला आहे. शेवटच्या महिन्यांसाठी मराठीत ‘अवघडलेली’ असे म्हणतात. परंतु ‘बसून बसून पाय अवघडले’ असेही आपण म्हणतो. म्हणजे हालचालीच्या अभावाने येणारा ताठरपणा आणि गर्भाच्या भाराने येणारी अडचण यांना एकच क्रियापद आहे. पहिलीवर उपाय चालणे आणि दुसरीवर उपाय बसून राहणे, असे मात्र आपण मानून चालतो.

गर्भिणीने व्यायाम टाळावा, या मतासाठी सुश्रुताचा आधार पुष्कळदा दिला जातो. तेथे वर्ज्य गोष्टींत ‘व्यायाम’ आहे हे खरे. तथापि त्याच ग्रंथात शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म ते व्यायाम, अशी व्याख्या केलेली आहे. या व्याख्येत शेताच्या कष्टांचाही समावेश होतो. आजचा ‘व्यायाम’ म्हणजे आरोग्यासाठी स्वेच्छेने व मापून केलेली हालचाल. शब्द टिकला, पण त्याची कक्षा आकुंचित झाली. निषेध मात्र आकुंचित अर्थावरच येऊन बसला.

आधुनिक वैद्यकातही शब्दांस माप मिळण्यास वेळ लागला. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने १९८५ मध्ये गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटास १४० च्या वर जाऊ नयेत अशी मर्यादा घातली होती. १९९४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. गर्भारपणात रक्तातील द्रवभाग सुमारे ४० ते ५० टक्के वाढतो व विश्रांतीतही नाडी जलद चालते. तेव्हा ठोक्यांचा आकडा हे श्रमांचे विश्वसनीय माप राहत नाही. त्याऐवजी आता बोलण्याची कसोटी सांगितली जाते : धावताना पुरे वाक्य बोलता आले तर श्रम मध्यम, दोन-चार शब्दांनी धाप लागली तर ते जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, प्रतिबंध नसल्यास, गर्भवतीने आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि जी पूर्वीपासून जोरकस व्यायाम करीत आली आहे तिला तो चालू ठेवता येतो. अमेरिकेची धावपटू अलिसिया मोंटान्यो २०१४ मध्ये चौतिसाव्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर धावली, ती याच सवयीच्या बळावर.

याचा अर्थ सर्वांनी धावावे असा नव्हे. वार खाली असणे, गर्भजल जाणे, रक्तस्राव, गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार, तीव्र रक्तक्षय यांत धावणे वर्ज्यच आहे; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींत रक्तक्षय आढळला होता. सैल झालेले सांधे व पुढे सरकलेला तोल यांमुळे खडबडीत रस्त्यावर पडण्याचा धोका असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाटेची वेळ सोडून धावणे केव्हाही अनिष्ट.

आता दुसरी बाजू पाहू. कंधार, मुखेड, जळकोट या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. ‘कोयता’ या एकवचनात स्त्रीचे वेगळे शरीर दिसत नाही. ‘दोन जिवांची’ स्त्री तेथे अर्धा कोयता असते. आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे जाणाऱ्या बाईस “धावपळ करू नको” असे सहसा कोणी म्हणत नाही. “सवय असते त्यांना” असे म्हणतात. काम चुकले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. जड ओझी, दीर्घ तास व सतत उभे राहणे यांचा अकाली प्रसूतीच्या वाढत्या शक्यतेशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमात, प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीच्या महिन्यात, स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे वा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, अशी तरतूद करण्यात आली होती. परंतु विनंती कोणाकडे करावयाची, हे उचलीवर बांधलेल्या कोयत्यास ठाऊक नसते.

‘सवय’ हा एकच शब्द दोन ठिकाणी कसा वापरला जातो, हे येथे ध्यानी येईल. धावणारीची सवय तिला थांबण्याची मोकळीक ठेवते. तोडणीवालीची सवय ती काढून घेते. वैद्यक ज्या सवयीस मान्यता देते, ती पहिली होय.

‘धावपळ’ हे नाम आहे. त्यात कर्ता, कर्म, काळ व परिमाण यांपैकी काहीच सांगावे लागत नाही. क्रियापद वापरले की कोणी, काय, किती वेळ, कोणाच्या इच्छेने, हे प्रश्न उभे राहतात. म्हणून सल्ला देणाऱ्यांनी हे नाम टाळावे आणि “बोलता येईल इतकेच पळा, धाप, चक्कर, पोटात कळ किंवा स्राव दिसताच थांबा, ओझे उचलू नका” असे क्रियापदांत सांगावे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्त्रियांकडून शेवटच्या महिन्यांतील कामांचे शब्द संकलित केल्यास, या वाक्यात कोणती क्रियापदे घालावीत हे अधिक निश्चितपणे सांगता येईल.