बेथ्नल ग्रीनमधील एका घराची कैफियत

डार्टमूरच्या तुरुंगातून फरारी झालेला कैदी, त्याच्या मागावर असलेला पोलीस अंमलदार आणि अखेरीस रेल्वेच्या यार्डात काळोखात होणारा पाठलाग, एवढे साहित्य हाती आल्यावर एखादा सामान्य दिग्दर्शक वेगवान पोलीसकथा रचून मोकळा झाला असता; परंतु रॉबर्ट हॅमर यांनी ईलिंग स्टुडिओसाठी १९४७ साली ‘इट ऑलवेज रेन्स ऑन संडे’ हा बोलपट दिग्दर्शित करताना आपली दृष्टी पूर्व लंडनच्या बेथ्नल ग्रीन या श्रमिक वस्तीतील एका अरुंद घरावर खिळवून ठेवली.

या घराची गृहिणी रोझ. नवरा जॉर्ज वयाने बराच वडील, स्वभावाने सरळ. घरात दोन उपवर सावत्र मुली आणि एक लहान मुलगा. एका पावसाळी रविवारी तिचा पूर्वीचा प्रियकर टॉमी स्वॉन परसातल्या अँडरसन आश्रयगृहात येऊन दडतो. नालीदार लोखंडी पत्र्यांची, अर्धी जमिनीत पुरलेली ही आश्रयगृहे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारने वाटली होती आणि वार्षिक अडीचशे पौंडांहून कमी प्राप्ती असलेल्या कुटुंबांना ती विनामूल्य मिळत. बाँबपासून रक्षणासाठी दिलेली ती जागा आता कायद्यापासून लपण्याच्या कामी येते. पुढे रोझ त्याला आपल्याच शयनगृहात कुलूपबंद करते, आणि खाली स्वयंपाकघरात रविवारचे जेवण शिजत असताना, तिथेच टब मांडून नवऱ्याचे स्नान चालू असताना, तिला वरच्या दाराची किल्ली आणि चेहऱ्यावरची शांती दोन्ही सांभाळाव्या लागतात. ज्या घरात एकांताला जागाच नाही त्या घरात गुपित राखणे हाच मोठा गुन्हा ठरतो, हे हॅमर यांनी जाणले होते. महायुद्धात मुक्त असलेल्या पावावरही जुलै १९४६ पासून शिधावाटपाचा अंमल बसला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे अशा तंगीत घर चालवणाऱ्या रोझच्या वागण्यातल्या चिडचिडेपणाचाही उलगडा होतो.

टॉमी कपडे बदलताना त्याच्या पाठीवरचे फटक्यांचे वळ दिसतात; न्यायालयाने फर्मावण्याची ही शिक्षा १९४८ च्या कायद्याने रद्द झाली. परंतु चित्रपटाचे मर्म त्याहून साध्या प्रसंगात आहे. पैशाची नड भागावी म्हणून रोझ त्यानेच कधीकाळी दिलेली अंगठी त्याच्या हाती ठेवते, आणि त्याला ती ओळखू येत नाही. इतकी वर्षे जिवापाड जपलेल्या स्मृतीचा निकाल एका क्षणात लागतो. रोझची भूमिका करणाऱ्या गूगी विदर्स यांनी हा आघात संयमाने झेलून दाखवला आहे.

टॉमीसाठी रडावे असे या कथेत काही नाही. गुपित फुटल्यावर रोझ आत्महत्येचा प्रयत्न करते, पण त्यातून वाचते, आणि जॉर्ज तिला क्षमा करतो. ही क्षमा मला दुर्बलतेची वाटत नाही, कारण आपल्या संसाराची किंमत त्या माणसाला पुरती ठाऊक आहे. हॅमर यांचे नाव आज १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’साठी अधिक घेतले जाते, मी मात्र बेथ्नल ग्रीनच्या या चित्रपटालाच त्यांची श्रेष्ठ कृती मानतो.