औंढ्याच्या शिळांपुढे क्षणभर

महाशिवरात्रीस औंढा नागनाथी जाणाऱ्या भाविकांस आमची एक प्रार्थना आहे. भूमिगत गाभाऱ्यात उतरून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यावे. परंतु तेवढ्यावर परतू नये. प्रदक्षिणा सावकाश करावी. खालचे कोरीव पाषाणकाम यादवकालीन, वरील बांधणी उत्तरकालीन आहे. पाय ठेवावयास ईश्वराविना जागा कोठे, असे विसोबा खेचरांनी नामदेवांस येथेच विचारले, अशी परंपरा आहे. मग भिंतीतील शिळा तरी देवावाचून कशी असेल? तीवर तेल-शेंदूर माखणे, नावे कोरणे ही भक्ती नव्हे. परतताना नामदेवांचे जन्मग्राम म्हणून वंदिली जाणारी नर्सी अवश्य पाहावी. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आदराने जपली आहेत. शब्द पंजाबने राखिले. शिळा आपण राखाव्यात. हीच आमच्या मते खरी शिवपूजा!