गादी हवेची, बिल लाखाचं!

सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही घ्यायची आणि वीकेंडला थेट धाराशिवच्या गावी न्यायची, असा प्लॅन शिजतोय? मग सनरूफ आणि म्युझिक सिस्टीम नंतर बघा. आधी जरा वाका आणि चाकांच्या वर काय बसवलंय ते बघा!

पाच-सहा वर्षं हिंजवडीत नाहीतर खराडीत कीबोर्ड बडवला की एक दिवस साक्षात्कार होतो. नव्याकोऱ्या मध्यम एसयूव्हीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात दहा-बारा वर्षं वापरलेली ऑडी क्यू-सेव्हन, मर्सिडीज जीएल, लँडरोव्हर डिस्कव्हरी किंवा चक्क पोर्शे केयेन मिळू शकते! मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोटो बघणं सुरू होतं. काळी की पांढरी? बेज लेदर की काळं? आई-बाबांना पुढच्या नवरात्रात तुळजापूरला याच गाडीतून न्यायचं, हेही मनात पक्कं होतं.

मराठवाड्याला या गाड्यांचं वेड नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, साधारण ६५ कोटींच्या! त्याच शहराजवळच्या शेंद्र्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात, क्यू-सेव्हनसुद्धा. आणि त्या शहराला बीड, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरशी जोडणारा रस्ता म्हणजे जुना २११, आताचा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. म्हणजे तुमची क्यू-सेव्हन गावी निघाली तर ती एका अर्थी माहेरच्याच रस्त्यावर असते.

पण नवी असताना तिच्यामागे कंपनीची वॉरंटी उभी होती. आता तिच्यामागे तुम्ही उभे राहणार आहात. आणि या गाड्यांमध्ये मोठा खड्डा पाडू शकणारी गोष्ट अनेकदा इंजिन नसते, सस्पेन्शन असतं.

स्टील, हुशार स्टील आणि हवा

लालपरीच्या मागच्या सीटवर बसून बार्शी ते धाराशिव प्रवास केला असेल, तर पाटे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि व्होल्वोच्या शिवनेरीतून मुंबईला गेला असाल तर हवेचं सस्पेन्शनही तुमच्या ओळखीचं आहे. लक्झरी एसयूव्हीतले पर्याय या दोन टोकांच्या मधे आणि पलीकडे पसरलेले असतात.

पहिला पर्याय साधा. स्टीलची कॉईल स्प्रिंग आणि नेहमीचा शॉकअप. यात बिघडायला फार काही नाही, आणि बिघडलंच तर जाणता मेकॅनिक निभावून नेतो.

दुसऱ्यात स्प्रिंग स्टीलचीच, पण शॉकअपला डोकं दिलेलं. आतल्या तेलाची वाट इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हने कमी-जास्त होते, त्यामुळे एकच गाडी कधी मऊ, कधी कडक वागते. पोर्शेवाले याला पीएएसएम म्हणतात, इतरांची नावं वेगळी, काम तेच. गाडीची उंची मात्र बदलत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे शोरूममधलं आकर्षण. स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली जाड रबराची पिशवी. तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, हवा कुठल्या चाकाला पाठवायची ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, उंची मोजणारे सेन्सर आणि सगळ्यांचा हिशेब ठेवणारा कॉम्प्युटर. बहुतेक वेळा यासोबत दुसऱ्या पर्यायातले हुशार शॉकअपही येतात. बटण दाबलं की गाडी उठते, दाबलं की बसते. डिस्कव्हरी-फोर एरवी जमिनीपासून १८५ मिलिमीटरवर असते, ऑफ-रोडला टाकली की २४०. साडेपाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे पांदणीतला दगड चेंबरला लागणार की नाही, एवढा!

चौथाही एक प्रकार आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून अँटी-रोल बारलाच हायड्रॉलिक मोटर लावतात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एक्स-फाइव्हमध्ये हा अॅडॅप्टिव्ह ड्राइव्ह नावाच्या पॅकेजमधून यायचा. घाटात मजा येते, पण वय झालं की तेल गळायची शक्यता. धाराशिवसाठी? आमच्या मते, नको.

पॅकेजच्या नावाला भुलू नका

इथे भल्याभल्यांची गफलत होते. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'स्पोर्ट पॅकेज, फुल्ली लोडेड'. पण एम स्पोर्ट, एस लाइन, एएमजी लाइन ही नावं वाचून सस्पेन्शनचा अंदाज बांधू नका. एसयूव्हीमध्ये त्यातला मोठा भाग बंपर, सीट, स्टिअरिंग आणि भलेमोठे अलॉय यांचाच असतो. उलट मर्सिडीजच्या ऑफ-रोड पॅकेजमध्ये खरा दम असतो, कारण त्यात गिअरबॉक्स आणि उंचीची सोयही बदलते.

एकाच मॉडेलमध्ये, एकाच वर्षी, एका गाडीला स्टील आणि शेजारच्या गाडीला हवा असू शकते. पहिल्या पिढीच्या केयेन आणि क्यू-सेव्हनचं हेच आहे. (या दोघी आणि फोक्सवॅगन तुआरेग तशा चुलत बहिणी, सांगाडा एकाच घराण्यातला.) जीएल-क्लासला मात्र एअरमॅटिक मुळातच असतं, तिथे निवडीचा प्रश्न नाही.

मग खरं कळणार कसं? सोपं आहे. चॅसी नंबर घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाची यादी मागा. ऑडीत बूटच्या तळाशी, स्टेपनीच्या आसपास, ऑप्शन कोडचं स्टिकर असतं. मर्सिडीजच्या डेटा कार्डवर ४८९ दिसला की एअरमॅटिक. कागद नसला तरी हातातलं साधन आहेच. गाडी वर-खाली करायचं बटण किंवा मेनू आहे का? असेल आणि दाबल्यावर काहीच होत नसेल, तर चहा न घेता उठलेलं बरं!

तुमचा रस्ता कोणता?

मासिकांतले रिव्ह्यू युरोपातल्या रस्त्यांवरचे. आपला रस्ता वेगळा. पुण्याहून सोलापूर चौपदरी, तिथून तुळजापूर, धाराशिवही चौपदरी. इथपर्यंत कुठलीही गाडी राणीसारखी जाते. हवेची तर वेग वाढला की स्वतःच थोडी खाली बसते आणि रस्ता धरते.

खरी परीक्षा महामार्ग सोडल्यावर. भूम, कळंब, उमरगा, कुठेही आत वळा, खाली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की भेगांत हात जावा. तिच्यावरचं डांबर मग सपाट राहत नाही, लाटा येतात. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात लाट आली की गाडी आधी दबते, मग उसळते. मऊ स्प्रिंग इथे काहीच कामाची नाही. उसळी दाबायचं काम शॉकअपचं. म्हणून अशा रस्त्यावर चांगल्या स्थितीतले हुशार शॉकअप असलेली स्टीलची गाडी थकलेल्या हवेच्या गाडीपेक्षा कितीतरी सुखाची. बाबांची कंबर हा फरक लगेच सांगेल.

खड्ड्यांचं गणित आणखी वेगळं. ते बहुतांशी टायरवर ठरतं. २५५/५५ आर-१८ टायरची बाजू साधारण १४० मिलिमीटर उंच. ऑप्शनवाल्या २९५/३५ आर-२१ टायरची जेमतेम १०३. म्हणजे २१ इंची चाकांपायी तुम्ही पावणेचार सेंटिमीटर रबराची उशी घालवून बसता! फोटोत ही चाकं झकास दिसतात हे मान्य. पण रविवारी संध्याकाळी उमरग्याच्या पुढे त्या साइजचा टायर फाटला, तर सोमवारची स्टँड-अप मीटिंग विसरा.

पांदणीचं मात्र हवेशिवाय भागत नाही. उसाच्या ट्रॅक्टरने दोन्ही बाजूंनी चाकोऱ्या खोल केलेल्या, मधे उंचवटा. शेतापर्यंत गाडी न्यायचीच असेल तर उंची हवीच. आणि सात जण बसवून, बूटमध्ये सामान कोंबून देवीला निघालात तर हवेची गाडी मागून बसत नाही, सपाट राहते. स्टीलची मागून दबते आणि रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. हे दोन मुद्दे हवेच्या बाजूचे, आणि दोन्ही वजनदार.

टेप, साबण आणि एक रात्र

हवेची गाडी आवडलीच असेल तर ती मरते कशी हे समजून घ्या. आधी रबराच्या पिशवीला घडीपाशी बारीक भेगा पडतात. ऊन, धूळ, वय. हवा हळूहळू सुटते. उंची राखायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. विक्रेता अभिमानाने सांगतो, 'सर, कॉम्प्रेसर नवा टाकलाय!' तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: जुना का गेला? गळती तशीच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलला असेल तर नवाही त्याच वाटेने जाणार, आणि ते बिल तुमच्या नावावर असेल. कंपनीचा पुढचा एक एअर स्ट्रट लाखाच्या घरात किंवा त्याच्या पुढे जातो. चार चाकं आहेत, हिशेब करा.

तपासायला फार काही लागत नाही. गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच बजावून ठेवा, रात्रीपासून इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर तुमच्यासाठी गाडी उठवून ठेवलीय. शिंप्याची टेप घ्या आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजा. डावी-उजवी बाजू सारखी हवी. एक कोपरा बोटभर खाली असेल तर गळती आहेच समजा. मग सुरू करून सर्वांत वर उचला, सर्वांत खाली आणा, पुन्हा वर. चढताना धापा टाकतेय का? पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी पिशव्यांवर आणि जोडांवर मारा, बुडबुडे खोटं बोलत नाहीत. शॉकअप ओलसर, तेलकट दिसले तर तेही लिहून घ्या. शेवटी स्कॅनर लावून सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरमधले जुने एरर वाचून घ्या. डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका. दिवा बंद करता येतो.

काही गाड्यांत हवा काढून स्टीलच्या स्प्रिंगा घातलेल्या सापडतील. त्यात पाप काही नाही. धाराशिवहून अधिकृत सर्व्हिससाठी पुणे किंवा संभाजीनगर गाठायचं म्हणजे एका बाजूनेच अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे कंटाळून कुणी तसं केलं तर समजू शकतं. पण मग उंची बदलणं गेलं, बऱ्याचदा हुशार शॉकअपही गेले, आणि कॉम्प्युटरला नीट समजावलं नसेल तर इतर दिवेही त्रास देतात. किंमत स्टीलच्या गाडीपेक्षाही कमीच द्यायची.

आमची निवड? महिन्यातून एकदा गाव आणि रोज ऑफिस असं असेल तर स्टील, हुशार शॉकअप आणि १८-१९ इंची चाकं. शेतापर्यंत जायचं असेल, घर मोठं असेल, तर हवा घ्या. पण दोन स्ट्रट आणि एका कॉम्प्रेसरचे पैसे वेगळे काढून ठेवूनच. ते पैसे ईएमआयमध्ये गेले असतील तर थांबा.

आणि हवेची घेतलीत तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी मॅन्युअलमध्ये शोधा: जॅक मोड. पंक्चर काढताना तो चालू केला नाही तर जॅकवर असतानाच गाडी स्वतःची उंची 'सुधारायला' बघू शकते. ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक असेलच असं नाही. त्याला जॅक लावायच्या आधी हाताने थांबवा, मोड चालू करा, मग काम करू द्या. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली त्याने डोकं घालायचं नाही, आणि तुम्हीही नाही.