टर्बोचार्ज्ड इंजिनातील इग्निशन कॉइल

इग्निशन कॉइल हा पेट्रोल इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेतील महत्त्वाचा भाग आहे. बॅटरीच्या १२ व्होल्ट विद्युतदाबाचे रूपांतर स्पार्क प्लगवर ठिणगी पाडण्याइतक्या, म्हणजे हजारो व्होल्टच्या, दाबात करणे हे तिचे कार्य होय. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनात ठिणगी पाडणे अधिक कठीण असते. त्यामुळे अशा इंजिनाचा बूस्ट मूळ मर्यादेपलीकडे वाढविताना अनेकदा अधिक क्षमतेच्या कॉइल बसविल्या जातात. मात्र केवळ कॉइल बदलल्याने सुस्थितीतील इंजिनाची शक्ती वाढत नाही. वाढलेल्या दाबातही ठिणगी चुकू न देणे एवढाच या बदलाचा हेतू असतो.

रचना व कार्य

कॉइलमध्ये लोहयुक्त गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यात जाड तारेचे थोडे, तर द्वितीयक वेटोळ्यात अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन त्यात ऊर्जा साठते. हा प्रवाह एकाएकी तोडला असता क्षेत्र नाहीसे होते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार द्वितीयक वेटोळ्यात उच्च दाब उत्पन्न होतो. प्रवाह तोडण्याचे काम पूर्वी यांत्रिक पॉइंट करीत. आता ते ट्रान्झिस्टर करतो.

प्रवाह पूर्ण वाढण्यास काही मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६,००० फेऱ्या करणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला ५० ठिणग्या लागतात. चार सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असेल, तर दोन ठिणग्यांमध्ये केवळ ५ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल दिल्यास हाच अवधी २० मिलिसेकंद होतो. आधुनिक इंजिनांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसविण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

टर्बोचार्जिंगचा परिणाम

दोन विद्युतअग्रांमध्ये ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब व अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. टर्बोचार्जरने १ बार बूस्ट दिला, तर सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा निरपेक्ष दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो. साहजिकच ठिणगीसाठी लागणारा विद्युतदाबही वाढतो. कॉइल तो पुरवू शकली नाही, तर ठिणगी चुकते. गॅरेजच्या बोलीत यास ‘मिसिंग’ म्हणतात. असे मिसिंग बहुधा इंजिनावर पूर्ण भार असताना जाणवते.

बदलापूर्वीची तपासणी

मिसिंगचे कारण दर वेळी कॉइल हेच असते असे नाही. झिजलेल्या प्लगमधील अंतर वाढलेले असते. म्हणून प्रथम प्लग तपासणे स्वस्त व सोयीचे ठरते. बूस्ट वाढविलेल्या इंजिनात हे अंतर बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करतात. ते फारच कमी केल्यास ठिणगी लहान पडून मिश्रण नीट पेट घेत नाही. प्लग योग्य असूनही दोष कायम राहिला, तर कॉइल बदलण्याचा विचार करणे युक्त ठरते.

काही कॉइलमध्ये ट्रान्झिस्टर अंतर्भूत असतो, तर काहींमध्ये तो इंजिनाच्या नियंत्रण संगणकात असतो. हे दोन प्रकार परस्परांच्या जागी थेट बसविता येत नाहीत. तसे केल्यास संगणक निकामी होऊ शकतो. नव्या कॉइलला किती वेळ प्रवाह द्यायचा, हेही संगणकात नव्याने ठरवावे लागू शकते. हा वेळ जास्त झाल्यास कॉइल तापून जळते. कमी पडल्यास तिची वाढीव क्षमता वाया जाते.

उदाहरण

फोक्सवॅगन समूहाच्या २.० लिटर टर्बो इंजिनांत ऑडी आर८ या गाडीसाठी बनविलेल्या लाल टोपणाच्या कॉइल बसविण्याची पद्धत हौशी चालकांमध्ये रूढ आहे. या कॉइल अनेक इंजिनांत फेरबदल न करता बसतात. मूळ कॉइल सुस्थितीत असलेल्या व बूस्ट न वाढविलेल्या गाडीत मात्र त्यांमुळे जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

दुर्लक्षाचे परिणाम

ठिणगी चुकलेल्या सिलिंडरमधील न जळलेले इंधन धुराड्यावाटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचते व तेथे जळते. त्या उष्णतेने कन्व्हर्टरचा आतील भाग वितळू शकतो. कन्व्हर्टर कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो. त्यामुळे इंजिनाचा इशारादिवा लुकलुकू लागल्यास वेग कमी करून गाडीची लवकरात लवकर तपासणी करून घेणे हिताचे असते.