पावणेतीन मिलिमीटर

जळगावच्या दाणाबाजारातील पेढीवर वाढलेल्या मुलाला मालगाडीची ओळख लवकर होते. वडिलांच्या काळी मालधक्क्यावर वाघिणी लागल्याचा निरोप आला की पेढीवर एकच लगबग उडे. बिल्टी, हमाली, काटा हे शब्द मी पाढ्यांबरोबरच शिकलो. पुढे रेल्वेच्या प्रतिकृती करण्याचा छंद जडला, तोही मालगाड्यांचाच.

या छंदाची गोडी महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना लावली ती पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी. कोथरूडमधील त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तेथील गाड्यांप्रमाणे माझ्याही गाड्या १:८७ या प्रमाणाच्या आहेत. म्हणजे खऱ्या सत्त्याऐंशी मीटरांचा येथे एक मीटर होतो.

गेल्या वर्षी कन्येकडे कॅलिफोर्नियात जाणे झाले. दौहित्राला घेऊन मी तेहाचापीचे वळण पाहावयास गेलो. १८७६ साली पूर्ण झालेल्या या मार्गासाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले. येथे रूळ पूर्ण वर्तुळ घेऊन स्वतःलाच ओलांडतात आणि तेवढ्यात सुमारे तेवीस मीटर उंची गाठतात. चढ पन्नासास एक. आपल्या कसारा घाटाचा सदतिसास एक, म्हणजे त्याहून तीव्र. चार हजार फुटांहून लांब मालगाडी चढू लागली की पुढची इंजिने वरच्या रुळांवर आणि मागच्या वाघिणी त्यांच्याच खालच्या बोगद्यात, असे दृश्य दिसते. एकावर एक रचलेले कंटेनर मोजता मोजता नातवाची बोटे थकली.

आम्ही हिशेब मांडला. दोन किलोमीटरची गाडी माझ्या प्रमाणात तेवीस मीटर भरेल. भुसावळकडून येणारी सातशे मीटरची आपली गाडीही आठ मीटर होईल. आणि माझी खोली जेमतेम सहा मीटरांची! म्हणून माझ्या गाडीला बाराच वाघिणी.

"आणि रूळ, नानाजी?" नातवाने विचारले.

मी जरा थांबलो. अमेरिकेतील रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर. १:८७ ने त्याचे साडेसोळा होतात, आणि बाजारात तयार रूळ मिळतात ते याच मापाचे. आपला ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटरचा. त्याला सव्वाएकोणीस हवेत. म्हणजे माझी खानदेशची गाडी इतकी वर्षे परक्या मापाच्या रुळांवर धावत होती आणि पाहुण्यांना मी "हुबेहूब आपली" म्हणून दाखवीत होतो.

"मग आपली गाडी खोटी आहे का?"

उत्तर न देता मी डबा उघडला. सूर्यास्त जवळ आला होता. खाकरे आणि मूग आटोपून आम्ही परतलो. सायंकाळी प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आठवताना मन दोन ठिकाणी अडखळले: खोटे तोल-माप, आणि अस्सल म्हणून नक्कल देणे. हे शब्द आजवर मी पेढीपुरतेच समजत आलो होतो. प्रतिकृती करण्यात दोष नाही. तिचे उणे माप झाकून ती पुरी म्हणून दाखविण्यात आहे. छंदात कोणाचे द्रव्य बुडत नाही हे खरे. परंतु पाहणारा विश्वासाने पाहतो, आणि व्यापाऱ्याचे भांडवल तरी दुसरे काय असते?

नातवाला दुसऱ्या दिवशी सांगितले, "गाडी खोटी नाही, मी तिचे माप सांगितले नव्हते."

जळगावी परतल्यावर खोलीत एक पाटी लावली: 'प्रमाण १:८७. वाघिणी बारा, खऱ्या गाडीत कितीतरी अधिक. रूळ प्रमाणापेक्षा अरुंद.'

परवा धुळ्याचे व्याही आले होते. शेंगदाण्याच्या व्यापारात त्यांचा जन्म गेला. पाटी वाचून त्यांनी विचारले, "किती अरुंद?"

"पावणेतीन मिलिमीटर."

"एवढेसे? काट्यावर चालले असते का?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा ते हसले आणि गाडी पाहण्यासाठी खुर्ची ओढून बसले.